ओटाच्या पेरणीआधी गिरणी

डिसेंबर-जानेवारीच्या दिवसांत दिल्लीहून सोनिपत, झज्जर किंवा मेरठच्या दिशेने निघाले की गव्हाच्या विस्तीर्ण पट्ट्यांमध्ये अधूनमधून गडद हिरव्या चाऱ्याचे तुकडे दिसतात. काहींत बरसीम असते, काहींत ओट. तेथील शेतकरी ओटाला ‘जई’ म्हणतात. सकाळी कापलेली जई भारे बांधून गोठ्यांकडे जाते आणि दुपारपर्यंत कडबाकुट्टीतून गव्हाणीत पडते. त्याच वेळी दिल्ली, गुरुग्राम आणि नोएडातील दुकानांच्या फळ्यांवर ओट्सची पाकिटे मांडलेली असतात. त्या पाकिटांसाठी लागणारे धान्य मात्र मोठ्या प्रमाणावर आयात होते आणि त्यात ऑस्ट्रेलियाचा वाटा मुख्य आहे. शेतात जो चारा आहे तीच वस्तू दुकानात माणसांची न्याहारी आहे, आणि या दोहोंची एकमेकांशी गाठ पडत नाही.

हे चित्र पाहून एक सल्ला सहज दिला जातो: पीक ओळखीचे आहे, बाजारपेठ दारात आहे, तेव्हा शेतकऱ्यांनी दाण्यासाठी ओट पेरावे. सल्ला सद्‌हेतूने दिलेला असला तरी तो अर्धवट आहे. ओटाचा दाणा आणि ओटाची लापशी यांच्यामध्ये प्रक्रियेच्या पाच-सहा पायऱ्या आहेत आणि त्यांतील दोन पायऱ्या अशा आहेत की त्या गावातील पिठाच्या गिरणीत होऊच शकत नाहीत. त्या पायऱ्यांची सोय होण्यापूर्वी पेरणीचा आग्रह धरणे म्हणजे शेतकऱ्याला विक्री नसलेल्या मालाचा धनी करणे होय. म्हणून विस्तार यंत्रणेने ओटाची चर्चा बियाण्यापासून सुरू न करता गिरणीपासून सुरू करावी, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

चाऱ्यासाठी घडवलेले पीक

भारतात ओटावर झालेले संशोधन प्रामुख्याने चाऱ्याच्या दृष्टीने झाले आहे. ‘केंट’ हा बाहेरून आलेला वाण अनेक दशके उत्तर भारतात टिकून आहे. हिसार येथील चौधरी चरणसिंह हरियाणा कृषी विद्यापीठाचे ‘ओएस-६’ आणि ‘एचजे-८’, तसेच झाशी येथील भारतीय गवताळ प्रदेश व चारा संशोधन संस्थेचे ‘जेएचओ-८२२’ आणि ‘जेएचओ-८५१’ हे वाणही शेतकऱ्यांच्या परिचयाचे आहेत. महाराष्ट्रात राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ‘फुले हरिता’ आणि ‘फुले सुरभी’ हे वाण दिले. या सर्वांची निवड करताना पाहिले गेले ते पानांचे प्रमाण, फुटवे, कापणीनंतरची वाढ आणि हिरव्या चाऱ्याचे उत्पादन. पशुपालकाची गरज तीच होती आणि ती या वाणांनी चांगली भागवली.

गिरणीची गरज निराळी असते. गिरणीला टपोरा, एकसारख्या आकाराचा, पातळ तुसाचा आणि वजनदार दाणा हवा असतो. शंभर लिटर मापात दाणा किती किलो भरतो, यावर खरेदीदार त्याची प्रत ठरवतात. अन्नासाठी ओट पिकवणाऱ्या देशांत हे वजन साधारण ५० किलो किंवा त्याहून अधिक असावे, अशी अपेक्षा असते. चाऱ्याच्या वाणाचा दाणा या कसोटीला उतरेलच असे नाही. काही वाण उतरतीलही; पण ते मोजून पाहिल्याशिवाय गृहीत धरता येणार नाही.

यात दिल्ली परिसराच्या हवामानाची भर पडते. ओटाला थंड आणि लांबलेला हिवाळा मानवतो. या भागात दाणा भरण्याचा काळ मार्चमध्ये येतो आणि त्याच वेळी उन्हाचा चटका सुरू होतो. मार्च २०२२ हा देशातील १९०१ पासूनच्या नोंदींमधील सर्वाधिक उष्ण मार्च ठरला आणि गव्हाचा दाणा अनेक ठिकाणी सुरकुतला. गव्हाचा सुरकुतलेला दाणाही शेवटी पीठ देतो. ओटाचा दाणा सुरकुतला तर आतला गर कमी होतो आणि तूस तेवढेच राहते. गिरणीच्या दृष्टीने असा माल जवळजवळ निरुपयोगी ठरतो.

दाण्यापासून लापशीपर्यंत

मराठी वाचकाला ओट्सची प्रक्रिया समजून घ्यायची असेल तर पोह्यांची आठवण करावी. भात भिजवायचा, भाजायचा, गरम असतानाच दाबून चपटा करायचा आणि तूस वेगळे करायचे, ही पोह्यांची रीत. दुकानातील ओट्स म्हणजे एका अर्थी ओटाचे पोहेच. फरक इतकाच की ओटाचे तूस आधी काढावे लागते आणि उष्णतेचे काम येथे अधिक नाजूक असते.

पहिली पायरी स्वच्छतेची. माती, काडी, खडे आणि तणांचे बी काढून टाकावे लागते. उत्तर भारतातील गव्हाच्या पट्ट्यात जंगली ओट हे जुने तण आहे. त्याचा केसाळ, काळपट दाणा लागवडीच्या ओटात मिसळला तर तो निव्वळ चाळणीने सुटत नाही, कारण आकार जवळपास सारखाच असतो. स्वच्छतेनंतर दाण्यांची आकारानुसार प्रतवारी करतात. प्रतवारी चुकली तर पुढच्या यंत्रात मोठे दाणे फुटतात आणि लहान दाणे तुसासकट निसटतात.

दुसरी पायरी तूस काढण्याची. गव्हाचे भूस मळणीतच सुटते. ओटाचे तूस दाण्याला कवटाळून बसलेले असते. वेगाने फिरणाऱ्या चकतीवरून दाणे बाहेरच्या कड्यावर आदळवतात. त्या आघाताने तूस उकलते, मग हवेच्या झोताने ते उडवून लावतात आणि न सोललेले दाणे पुन्हा यंत्रात घालतात. तुसाचे वजन दाण्याच्या साधारण २५ ते ३० टक्के असते. बारीक दाणे, तुकडे आणि इतर घट धरली तर १०० किलो ओटापासून सुमारे ६० किलो खाण्यायोग्य माल हाती येतो.

तिसरी पायरी वाफेची आणि उष्णतेची. ओटाच्या प्रक्रियेचे मर्म येथेच आहे. तिचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

त्यानंतर दाण्याचे काय करायचे, यावर अंतिम पदार्थ ठरतो. सोललेला दाणा पोलादी पात्यांनी दोन ते चार तुकड्यांत कापला की ओटाच्या कण्या मिळतात; त्या शिजायला २० ते ३० मिनिटे लागतात. अख्खा दाणा वाफवून, मऊ करून दोन रोलरमधून दाबला की जाड पोहे होतात आणि ते ५ ते १० मिनिटांत शिजतात. आधी तुकडे करून मग ते पातळ दाबले की झटपट शिजणारे ओट्स तयार होतात. अमेरिकेतील क्वेकर कंपनीने असे लवकर शिजणारे ओट्स १९२२ मध्ये बाजारात आणले आणि ओटाची न्याहारी घाईच्या शहरी सकाळीत बसली. दाबल्यानंतर पोहे पुन्हा वाळवून थंड करतात आणि मगच पिशवीत भरतात. गरम माल भरला तर पिशवीत घाम सुटतो आणि बुरशीला वाट मिळते.

पोहा जितका पातळ तितका तो लवकर शिजतो आणि तितकाच लवकर पचून रक्तातील साखर वाढवतो. ओटाची आरोग्यविषयक ख्याती ज्या बीटा-ग्लुकन या विद्राव्य तंतूवर उभी आहे, त्याचा लाभ कण्यांमध्ये आणि जाड पोह्यांमध्ये अधिक चांगला मिळतो. दिवसाला ३ ग्रॅम बीटा-ग्लुकन कोलेस्टेरॉल कमी ठेवण्यास साह्यभूत ठरते, असा दावा करण्यास अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ मध्ये परवानगी दिली. ग्रामीण उद्योगाच्या दृष्टीने ही अनुकूल गोष्ट आहे: ज्या कण्यांना सर्वांत कमी यंत्रसामग्री लागते, त्याच आरोग्याच्या दृष्टीने सरस आहेत. पातळ पोह्यांच्या स्पर्धेत उतरण्याचे लहान उद्योगाला काही कारण नाही.

वाफेवाचून गत्यंतर नाही

बाजरीचे पीठ आठ-दहा दिवसांत कडवट होते, हे महाराष्ट्रातील प्रत्येक घराला ठाऊक आहे; म्हणून बाजरी लागेल तशी दळून आणतात. ओटाचे दुखणे हेच आहे, फक्त अधिक तीव्र. ओटात स्निग्धांश साधारण ५ ते ९ टक्के, तर गव्हात सुमारे २ टक्के. त्यातच ओटाच्या बाहेरील थरांत लायपेज हे विकर विपुल असते. दाणा अखंड असतो तोवर स्निग्धांश आणि विकर एकमेकांपासून दूर राहतात. तूस काढताना दाण्याला इजा झाली, तो कापला किंवा दळला गेला, की दोघांची गाठ पडते. विकर स्निग्धांशाचे विघटन करते, मुक्त मेदाम्ले तयार होतात आणि चव कडू, साबणासारखी होते. न वाफवलेल्या ओटाच्या पिठात हा बदल काही दिवसांतच जाणवू लागतो.

यावरचा उपाय उष्णतेचा. सोललेल्या दाण्याला वाफ देऊन त्याचे तापमान ९० ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास नेतात, काही काळ तेथेच ठेवतात आणि मग कोरड्या उष्णतेने ओलावा उतरवतात. त्यामुळे विकर निष्क्रिय होते. ओटाला जो खमंग, भाजक्या दाण्यासारखा वास येतो तोही याच पायरीत येतो. येथे ओलाव्याला महत्त्व आहे. कढईत कोरडे भाजले तर बाहेरचा भाग करपतो आणि आतील विकर पुष्कळदा शाबूत राहते. उलट उष्णता अति झाली तर दाण्यातील नैसर्गिक प्रतिऑक्सिडीकारक द्रव्ये नष्ट होतात आणि स्निग्धांश हवेतील ऑक्सिजनमुळे वेगळ्या मार्गाने खवट होतो. कमी उष्णतेने माल कडू होतो, जास्त उष्णतेने खवट होतो. मधली वाट सापडते ती तापमापक, घड्याळ आणि विकराची चाचणी यांच्या आधारे. मोठ्या गिरण्यांत पेरॉक्सिडेज या अधिक चिवट विकराची चाचणी घेतात. ते निष्क्रिय झाले असेल तर लायपेजही झाले, असे समजतात.

गावातील चक्की येथे थांबते. तिच्यात ओट दळता येते, टिकवता येत नाही. पहिल्या आठवड्यात गोड लागलेले घरगुती ‘ओट पीठ’ तिसऱ्या आठवड्यात ग्राहकाच्या डब्यात कडू निघाले तर तो ग्राहक परत येत नाही आणि पुढच्या हंगामात दुसऱ्या कुठल्याही शेतकरी गटाचा माल हातात घेत नाही. उष्णता-प्रक्रिया न केलेले ओटाचे पीठ शेतकऱ्यांनी किंवा बचत गटांनी विकू नये, हे विस्तार कार्यकर्त्यांनी स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

हिशेबाची दुसरी बाजू

दिल्ली परिसरातील शेतकऱ्यापुढे रब्बीत गहू हा पर्याय कायम उभा असतो. गव्हाला आधारभूत किंमत आहे. २०२५-२६ च्या रब्बी विपणन हंगामासाठी ती क्विंटलला २,४२५ रुपये होती. ओटाला आधारभूत किंमत नाही. शिवाय दाण्यासाठी ओट ठेवायचे म्हणजे चाऱ्याची किमान एक कापणी सोडावी लागते. पहिली कापणी ५० ते ५५ दिवसांनी घेऊन पुढचे पीक बियाण्यासाठी राखण्याची पद्धत रूढ आहे. फेब्रुवारी-मार्चच्या चाऱ्यावर ज्याच्या म्हशी अवलंबून आहेत, त्याला सोडलेली दुसरी कापणी दुधाच्या हिशेबात दिसते.

गिरणीच्या घटीचे गणितही मांडून पाहावे. केवळ उदाहरणादाखल दाण्याचा भाव किलोला ३० रुपये धरला, तर ६० टक्के उताऱ्याने एक किलो तयार मालामागे नुसत्या धान्याचा खर्च ५० रुपये होतो. त्यावर वाफ, वीज, मजुरी, वेष्टन आणि वाहतूक. तूस पशुखाद्यात भरड म्हणून किंवा इंधन म्हणून वापरता येते, पण त्याने घटीची भरपाई होत नाही. उतारा ६० वरून ५० टक्क्यांवर घसरला की तोच खर्च ६० रुपयांवर जातो. म्हणजे दाण्याच्या भावाइतकाच दाण्याचा टपोरेपणा नफा ठरवतो आणि टपोरेपणा वाणावर व मार्चच्या उन्हावर अवलंबून आहे.

गव्हाच्या शेजारी वाढलेले ओट

आणखी एका धोक्याकडे दुर्लक्ष होते. ओटात मूलतः गव्हातील ग्लुटेन नसते, म्हणून ‘ग्लुटेनमुक्त’ म्हणून ते विकण्याचा मोह होतो. राष्ट्रीय राजधानी परिसरात अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी केलेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दर १०० जणांमागे सुमारे एकाला सिलिअॅक विकार आढळला. अशा माणसांना ग्लुटेनमुक्त अन्न ही आरोग्याची अनिवार्य गरज असते. भारतीय नियमांनुसार ग्लुटेनमुक्त म्हणण्यासाठी किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लुटेन असणे आवश्यक आहे.

या परिसरात ओटाच्या चारही बाजूंना गहू असतो. मळणी यंत्र तेच, ट्रॉली तीच, पोती तीच आणि गिरणीही बहुधा तीच. गव्हाचे मूठभर दाणे मिसळले तरी ही मर्यादा ओलांडली जाते. स्वतंत्र काढणी, स्वतंत्र साठवण आणि प्रयोगशाळेतील तपासणी यांची साखळी उभी असल्याशिवाय हा शब्द पाकिटावर छापू नये. येथे चूक झाली तर तिची किंमत आजारी माणूस मोजतो.

मग मार्ग कोणता?

या अडचणींचा अर्थ ओट दाण्यासाठी घेऊच नये असा नाही. स्कॉटलंडमध्ये शतकानुशतके ओट हे माणसांचे मुख्य धान्य होते, तर शेजारच्या इंग्लंडमध्ये ते मुख्यत्वे घोड्यांपुढे जाई. धान्याचे स्थान परंपरा आणि प्रक्रिया ठरवतात. दिल्ली परिसरालाही हे स्थान बदलता येईल, मात्र क्रम योग्य हवा.

सर्वप्रथम खरेदीदार आणि गिरणी निश्चित व्हावी. एकट्या शेतकऱ्याने या उद्योगात उतरू नये. शेतकरी उत्पादक कंपनीने सामाईक केंद्र उभारावे. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्रीय योजनेत वैयक्तिक उद्योगाला प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत, कर्जाशी निगडित अनुदानाची तरतूद झाली. गटांसाठीही तिच्यात स्वतंत्र साह्य ठेवले गेले. प्रस्ताव करण्यापूर्वी योजनेची चालू स्थिती जिल्हा कार्यालयात पाहून घ्यावी. सोनिपतजवळ कुंडली येथे राष्ट्रीय अन्न तंत्रज्ञान उद्योजकता व व्यवस्थापन संस्था आहे. यंत्र विकत घेण्याआधी आपल्या शेतातील चार-पाच पोती ओट अशा संस्थेत सोलून, वाफवून आणि कापून पाहावे. उतारा किती, कण्या किती दिवस टिकतात, चव कशी, हे कागदावर यावे. त्या कागदाशिवाय बँकेचे दार ठोठावणे घाईचे ठरेल.

दुसरे, यंत्रसामग्री केवळ ओटासाठी घेऊ नये. तेच वाफ देणारे आणि वाळवणारे संच बाजरीच्या पिठाची टिकवणक्षमता वाढवण्यास उपयोगी पडतात. दलिया हा तर उत्तर भारताचा रोजचा पदार्थ; स्वच्छता, प्रतवारी आणि कापणी यंत्रे गव्हाच्या दलियालाही चालतात. मात्र गहू आणि ओट एकाच यंत्रातून काढले की ग्लुटेनमुक्ततेचा दावा सोडून द्यावा. ओटाचा हंगाम संपल्यावर यंत्र बंद पडले तर हप्ता थकतो. चार धान्यांवर चालणारी गिरणी वर्षभर जगते.

तिसरे, संशोधन संस्थांनी उपलब्ध चारा वाणांची दाण्याच्या दृष्टीने फेरतपासणी करावी. तुसाचे प्रमाण, शंभर लिटरचे वजन, बीटा-ग्लुकन आणि मार्चच्या उष्णतेतील दाणेभरणी या चार निकषांवरील तुलनात्मक माहिती विस्तार कार्यकर्त्याच्या हाती असली पाहिजे. हिरव्या चाऱ्याच्या उत्पादनाचा तक्ता दाखवून दाण्याचे पीक सुचवता येत नाही.

चौथे, गिरणी उभी राहीपर्यंत ओटाला चाऱ्याचे पीक म्हणून मान द्यावा. जनावराच्या पोटातून दूध होऊन शहरात जाणारे ओट हेही मूल्यवर्धनच आहे आणि त्याची साखळी आज चालू स्थितीत आहे.

महाराष्ट्रासाठी बोध

महाराष्ट्रात ओट अद्याप ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पेरण्याचे चारा पीक आहे. येथील हिवाळा दिल्लीपेक्षा आखूड आणि सौम्य असल्याने दाण्यासाठी ओट घेण्याचा धोका अधिक आहे. मात्र या प्रक्रियेतून मिळणारा धडा महाराष्ट्राच्या कामाचा आहे. अहिल्यानगर, नाशिक आणि धुळ्याच्या बाजरीला जो खवटपणा बाजारापासून दूर ठेवतो, त्यावरचा उपाय ओटाच्या गिरणीने शंभर वर्षांपूर्वीच अंगीकारला: आधी वाफ, मग कापणी किंवा दळण. ज्वारीचे पोहे, बाजरीच्या कण्या, नाचणीचा रवा यांना शहरात स्थान मिळवायचे असेल तर तीच शिस्त लागेल. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले तेव्हा पेरणीची आणि पाककृतींची चर्चा भरपूर झाली. वाफेच्या संचाची आणि विकराच्या चाचणीची त्या मानाने फारच थोडी.

विस्तार कार्यकर्त्याची खरी पुंजी म्हणजे शेतकऱ्याचा त्याच्यावरील विश्वास. ‘ओट्सला शहरात मागणी आहे’ हे वाक्य खरे असले तरी ते शेतकऱ्याच्या बांधावर उच्चारण्यापूर्वी त्याने स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. हा दाणा कोण सोलणार? त्याला वाफ कोण देणार? सहा महिन्यांनी तो कडू झाला नाही, याची चाचणी कोण करणार? तिन्ही प्रश्नांना गावाच्या पंचक्रोशीतील किंवा जिल्ह्यातील एखाद्या ठिकाणाचे नाव उत्तर म्हणून मिळाले, की ओटाचे बियाणे सुचवावे. तोपर्यंत जई कापून म्हशीला घालणारा शेतकरी कोणत्याही अर्थाने मागासलेला नाही. त्याचा हिशेब बरोबर आहे.